चौकात नेलेले घर

जनरल हॅरिसन ओंडक्यांच्या खोपीत राहतात ही शुद्ध थाप आहे, हे इंडियानातल्या हार्लन्स फेरी गावाच्या पंचक्रोशीत दोन माणसांना पक्के ठाऊक होते. एक असाहेल स्ट्राउड, जो टिपेकनूच्या लढाईत त्यांच्या हाताखाली लढला होता. दुसरी त्याची बायको केझाया. तिला असाहेलने जनरलचे चरित्र इतक्या वेळा ऐकवले होते, की आपण लग्न एकाशी केले आणि संसार दोघांशी, असे तिला वाटे.

चरित्र तसे सरळ होते. जनरल जन्मले व्हर्जिनियात, नदीकाठच्या विटांच्या थोरल्या घरात. वडील गव्हर्नर, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेले. त्यांनी धाकट्याला डॉक्टरकीला घातले. ते वारले आणि डॉक्टर व्हायचा तो मुलगा फौजेत गेला. पुढे इंडियानाचे गव्हर्नर झाले. बारा वर्षे त्यांनी इंडियन टोळ्यांच्या प्रमुखांकडून कागदावर खुणा करून घेतल्या आणि दर कागदाबरोबर एक मोठा मुलूख सरकारजमा केला. ज्यांनी खुणा करायचे नाकारले त्यांच्याशी १८११ साली टिपेकनूला लढाई झाली. मग वॉशिंग्टनच्या सभागृहात, मग परदेशात राजदूत म्हणून, आणि मग उतरती कळा लागून आपल्याच जिल्ह्याच्या कोर्टात कारकुनी. आता सदुसष्टाव्या वर्षी पक्षाने त्यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे केले होते.

विरोधकांच्या एका वर्तमानपत्राने टोमणा मारला: या म्हाताऱ्याला सफरचंदाच्या दारूचे एक पिंप द्या, थोडे पेन्शन द्या, आणि बसवा एखाद्या ओंडक्यांच्या खोपीत शेकोटीपुढे, पुन्हा उठायचा नाही. जनरलच्या पक्षाने तो टोमणाच उचलून मुंडाशासारखा डोक्याला बांधला. आमचा माणूस खोपीतला, गरिबांचा, आणि तुमचा तो महालातला! १८४० च्या उन्हाळ्यात इंडियानातल्या गावागावात, कोर्टासमोरच्या चौकात, ओंडक्यांच्या खोपी उभ्या राहिल्या. दाराशी दारूचे पिंप, छपरावर साखळीने बांधलेला रॅकून, तिथल्या रानातला झुपकेदार शेपटीचा प्राणी. आयुष्यभर खोपीकडे नाक मुरडणारे वकील आणि सावकार तिथे लाकडी कटोऱ्यातून दारू प्यायला रांगा लावू लागले.

स्ट्राउडांची खोप गावापासून चार मैलांवर, ओढ्याकाठी होती, आणि ती चौकातली नव्हती, खरी होती. पाच वर्षांपूर्वी दोघांनी मिळून बांधलेली. जमीन अजून सरकारची. कायदा असा, की ज्याने आधी येऊन रान तोडले, शेत केले आणि जमिनीवर घर बांधून राहिला, त्याला लिलावाच्या आधी ती सरकारी भावाने घेण्याचा पहिला हक्क. लढाईबद्दल असाहेलला जमीन मिळाली नव्हती, कमरेत एक गोळी तेवढी मिळाली होती. त्यामुळे हा हक्क हेच त्यांचे सर्वस्व होते. सरकारी भावाचे पैसे दोघांनी पोटाला चिमटा घेऊन जमवले होते. पुढच्या जूनमध्ये, लिलावाच्या आधी, जमीन कचेरीत जायचे, घर आहे आणि आपण त्यात राहतो असे शेजाऱ्यांना शपथेवर सांगायला लावायचे, आणि कागद घ्यायचा.

ऑगस्टमध्ये ल्युशियस पेटिबोन आला. तिशीतला वकील, हातात पिवळे मोजे, बुटांना चिखल लागू नये म्हणून टाचांवर चालणारा.

"काकी," तो म्हणाला, "या घराला किती वर्षं झाली हो?"

"पाच. आणि मी तुझी काकी कधीपासून?"

"अहो, सगळ्या जिल्ह्याच्या काकी तुम्ही! ऐका तर. चौकातली आमची खोप बघून विरोधक हसतात. ओंडके ओले, साल हिरवीगार. काल एक जण म्हणाला, हिला अजून पालवी फुटेल. आम्हाला खरी खोप हवी. धुरानं काळी झालेली. आणि आत टिपेकनूचा शिपाई राहिलेला."

"शिपाई न्या की मग," केझाया म्हणाली. "घर राहू द्या. रोजचा वाडगाभर घाटा वाचेल माझा."

"केझाया!" असाहेल ओरडला. तो तोवर उभा राहिला होता, कमरेवर हात दाबून, हजेरीला उभे राहावे तसा. "जनरलसाठी मागताहेत ते."

"जनरलला बावीस खोल्या आहेत म्हणालात ना तुम्ही? मला एकच आहे."

पेटिबोन हसला. चांगले हसला, त्याला ते येत होते. "काकी, नोव्हेंबरात निवडणूक. ख्रिसमसच्या आत घर होतं तिथे उभं. पक्षाची माणसं बांधून देतील. शिवाय आत फळ्यांची जमीन. आणि दोन्ही खिडक्यांना काचा."

खिडक्यांना तेव्हा तेल लावलेला कागद होता. पावसात तो लोंबायचा, उन्हात तडकायचा, आणि पाच वर्षांत केझायाने आतून ओढा पाहिला नव्हता. काच म्हटल्यावर ती गप्प झाली. पुढे तिने असाहेलला खूप बोल लावले, पण ही गप्प झालेली घटका तिला कधी विसरता आली नाही.

"जनरलला कळेल का, कुणाचं घर ते?" असाहेलने विचारले.

"मी स्वतः पत्र लिहितो," पेटिबोन म्हणाला.

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण म्हातारा जेवून तृप्त झाला.

घर उतरवायला तीस माणसे आली. केझायाने हातात कुऱ्हाड घेतली आणि खुणेची खाच पाडल्याशिवाय एकाही ओंडक्याला ती कुणाला हात लावू देईना. उत्तरेच्या भिंतीच्या ओंडक्यांना एकेक खाच, दक्षिणेच्या भिंतीला दोन, पूर्वेला तीन, पश्चिमेला चार. आणि शेजारी थरांच्या बारीक खाचा. म्हणजे परत बांधताना चूक नको. बेचाळीस ओंडके होते. शेवटी दार निघाले, त्याच्या आतल्या खिटीला बांधलेल्या चामड्याच्या दोरीसकट. दिवसा ती दोरी भोकातून बाहेर लोंबत असे. येणाऱ्याने ओढली की दार उघडे. निजताना आत ओढून घेतली की कुलूप.

"ही दोरी फार महत्त्वाची," पेटिबोन जमलेल्यांना म्हणाला. "जनरलच्या दाराची दोरी कधीच आत ओढली जात नाही!"

"मग त्याच्याकडे चोरण्यासारखं काही नसेल," केझाया म्हणाली. माणसे हसली, पेटिबोनही हसला, आणि आठ बैलजोड्यांनी घर ओढत नेले.

दोघे मक्याच्या कोठीत राहायला गेले. कणसे वाळावीत म्हणून कोठीला फटी ठेवलेल्या असतात, आणि वारा काही कणसे आणि माणसे असा भेद करत नाही. दर शनिवारी असाहेल लंगडत चौकात जाई. त्याच्या डोक्यावर पेटिबोन रॅकूनच्या कातड्याची टोपी चढवी, जी त्याने जन्मात घातली नव्हती, आणि त्याला त्याच्याच घराच्या दाराशी बसवी. केझाया डबा घेऊन जाई. रेशमी झग्यातल्या बायका दाराची दोरी ओढून आत डोकावत आणि "अगं बाई, एवढ्यात राहतात?" म्हणून एकमेकींना विचारत. एकीने तिलाच विचारले.

"राहत होतो," केझाया म्हणाली. "आता तुम्ही राहता."

घरावर एक मोठे चित्र लावले होते. जनरल पांढऱ्याशुभ्र घोड्यावर, हातात तलवार. पहिल्याच शनिवारी त्यावरून वाजले.

"घोडा पांढरा नव्हता," असाहेल सगळ्यांसमोर म्हणाला. "गडद होता. जनरलचा स्वतःचा घोडा करडा. पहाटे गोळीबार सुरू झाला तसा तो दावं तोडून पळाला, मग हाताला लागला त्या दुसऱ्याच घोड्यावर बसले ते. पांढऱ्या घोड्यावर दुसरा अधिकारी होता. शत्रू पांढऱ्यावर नेम धरून होता. माझ्यापासून वीस पावलांवर पडला तो."

पेटिबोनने त्याला बाजूला घेतले. "स्ट्राउडकाका, चित्रात गडद घोडा नांगराचा वाटतो हो. पांढरा म्हटलात म्हणून कुणाचं काय जातं?"

"ज्याचं गेलं त्याचं गेलं," असाहेल म्हणाला. "तो मेला म्हणून जनरल वाचले. त्याच्या घोड्यावर मी दुसऱ्याला बसवणार नाही."

केझायाला नवऱ्याचे हजार दोष ठाऊक होते. तो आळशी होता, ओरडणारा होता, गळक्या छपराखाली बसून लढाई सांगत राहणारा होता. पण त्या दिवशी तिला त्याचा अभिमान वाटला. साऱ्या शरदात तो दर शनिवारी गडदच म्हणत राहिला, आणि पेटिबोन दर शनिवारी त्याच्यामागे उभा राहून लोकांना डोळा मारत राहिला: म्हातारा आहे, चालायचंच.

नोव्हेंबरात जनरल निवडून आले. केझाया दुसऱ्याच दिवशी बैलगाडी घेऊन पेटिबोनच्या दारात गेली.

"एवढी घाई कसली काकी? मार्चमध्ये जनरलचा शपथविधी. तोवर खोप राहायलाच हवी. लोक काय म्हणतील?"

"ख्रिसमस म्हणाला होतास."

"ख्रिसमस दरवर्षी येतो," तो म्हणाला. त्याने तिला दोन संत्री दिली. तिने ती त्याच्याच उंबऱ्यावर ठेवली आणि गाडी वळवली.

तो हिवाळा त्यांनी कोठीत काढला. फटीत शेण आणि गवत कोंबले तरी सकाळी पांघरुणावर बर्फाची भुकटी पडलेली असे. असाहेलची कंबर धरली ती धरलीच. फेब्रुवारीत त्याला उठवायला हाताला धरावे लागे. एकदा शेकोटी फुंकता फुंकता केझायाने विचारले, "अहो, लढाई झाल्यावर त्या इंडियनांच्या गावाचं काय केलंत तुम्ही?"

"जाळलं."

"घरं?"

"घरं. साठवलेला मकासुद्धा. हुकूम होता." त्याने एक लाकूड ज्वाळांत ढकलले. "नोव्हेंबर होता. थंडी होती तेव्हाही."

 त्यानंतर कुडकुडताना तिला पूर्वीसारखी फक्त स्वतःचीच दया येईना, आणि तेही तिला असाहेलच्या माथी मारावेसे वाटले.

चार मार्चला जनरलने वॉशिंग्टनला शपथ घेतली. ओव्हरकोट नाही, टोपी नाही, थंड वाऱ्यात पावणेदोन तास भाषण. बातमी ऐकून असाहेलच्या डोळ्यांत पाणी आले. "बघ! टिपेकनूचं रक्त आहे ते!" आणि एप्रिलच्या मध्यावर दुसरी बातमी आली. जनरल वारले. राष्ट्राध्यक्ष होऊन एक महिना झाला होता.

गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथे गरजही सरली आणि वैद्यही खरोखर मेला, आणि त्या दोन्हींचा फटका बसला केझाया स्ट्राउडला. ती गाडी घेऊन चौकात पोचली तेव्हा तिच्या घराला काळे कापड गुंडाळलेले होते. रॅकून नेला होता, पिंप नेले होते, आणि पायरीवर उभा राहून पेटिबोन गहिवरून बोलत होता, "ही आता खोप नाही. हे त्या महापुरुषाचं स्मारक आहे. जिल्हा समितीनं ठराव केलाय, यातला एक ओंडकाही कधी हलणार नाही."

"हे माझं घर आहे!" केझाया गर्दीतून ओरडली. "त्या माणसानं यात कधी पाऊल ठेवलं नाही! तो माझ्या चुलीजवळ बसला नाही, माझ्या माणसाचं नाव त्याला माहीत नव्हतं. ओंडक्यांवरच्या खाचा बघा, माझ्या हातच्या आहेत!"

लोकांनी टोप्या काढलेल्या होत्या. ते तिच्याकडे असे बघू लागले, की जणू ही बाई मयताच्या अंगावरचे कपडे मागते आहे. आणि सगळ्यात कठीण म्हणजे असाहेल. तो गाडीतून उतरलाच नाही. टोपी काढून रडत होता.

"राहू दे, केझाया," तो म्हणाला. "आज नको."

"आज नको तर कधी? जूनला दीड महिना राहिलाय!"

शेजारी पेरणीत गुंतले होते. शिवाय सगळ्यांचे एकच म्हणणे: पक्ष बांधून देणार आहे ना? केझायाने नव्या घरासाठी एकटीने झाडे तोडली. असाहेल खाली बसून खाचा पाडी, ती बैलांनी ओंडके ओढून वर चढवी. जून उजाडेपर्यंत भिंतींचे चार थर झाले. पाचवा थर चढवताना ओंडका घसरला आणि तिची दोन बोटे चिरडली. तिथेच काम थांबले.

शेजारी ओबेद टटल मनाने चांगला माणूस होता. तो म्हणाला, "काकी, मी शपथेवर खोटं सांगतो. घर आहे म्हणतो, झालं!"

"कोण विश्वास ठेवील ओबेद? अख्खा जिल्हा त्या दारात दारू प्यायलाय. या मुलखात माझ्या घराइतकं कुणाचंच घर लोकांनी बघितलेलं नाही."

जमीन कचेरीत नवा अधिकारी आला होता. पक्षासाठी राबलेल्यांना मार्चमध्ये नोकऱ्या वाटल्या गेल्या, त्यातली ही एक. टेबलामागे पिवळे हातमोजे काढून ठेवून ल्युशियस पेटिबोन बसला होता.

त्याने कागद वाचला, दोनदा वाचला. हे त्याच्या बाजूने सांगायला हवे, की त्याचा चेहरा उतरला.

"काकी, जमिनीवर राहतं घर लागतं."

"होतं. सप्टेंबरपर्यंत. तूच नेलंस."

"होतं चालत नाही. आहे लागतं."

"चार थर आहेत."

"छप्पर?"

"नाही."

"दार?"

"दार चौकात आहे," केझाया म्हणाली. "चल, दाखवते. त्याची दोरीसुद्धा बाहेर आहे."

"चार थरांना डुकरांचा गोठा म्हणतात, काकी. घर नाही." तो खालच्या आवाजात बोलत होता, कारण मागे लोक उभे होते. "मी खोटं लिहिलं तर माझी नोकरी जाईल. कायदा मी केलेला नाही."

"नाही रे बाबा. तू काहीच केलेलं नाहीस. घर बैलांनी नेलं, जनरलला थंडीनं नेलं, आणि जमीन कायदा नेतोय. तू बिचारा नुसता प्रत्येक वेळी तिथे उभा असतोस."

घर फिरले की घराचे वासे फिरतात असे म्हणतात. केझायाचे वासे तर आधीच फिरून चौकात जाऊन बसले होते. लिलावात तिचा तुकडा पूर्वेकडच्या कुणा व्यापाऱ्याने घेतला, न बघता, इतर पन्नास तुकड्यांबरोबर. नांगरलेले शेत, मक्याची कोठी, चार थर, सगळे. सरकारी भावाचे साठवलेले पैसे हातात तसेच राहिले, पण लिलावांनंतर त्यात आसपास खडकाळ माळसुद्धा मिळेना, आणि नवे रान तोडायला दूर पश्चिमेकडे जावे तर असाहेलला दोन पावले टाकवत नव्हती.

सप्टेंबरमध्ये पेटिबोन त्यांच्याकडे आला. ते तेव्हा टटलच्या गोठ्यात राहत होते. त्याने टोपी काढली, बराच वेळ ती फिरवत राहिला. स्मारकाला राखणदार हवा होता. समितीने विचार केला होता. दोघांनी आत राहावे, झाडलोट करावी, सरपण समितीचे. काचा बसवल्या होत्या, धूळ जाऊ नये म्हणून. शनिवारी लोक येतात तेव्हा काकांनी दारात बसून लढाई सांगावी.

"फक्त," तो म्हणाला, "ते चित्र आता नव्यानं रंगवलंय. समितीची इच्छा आहे की जे चित्रात आहे, तेच सांगितलं जावं."

 केझाया म्हणाली, "येतो आम्ही."

असे वर्षाने ती आपल्या घरात परत आली. खाचा तिने पाहिल्या. दोन भिंतींची अदलाबदल झाली होती, म्हणून चुलीवर वारा येत होता. खिडक्यांना खरेच काचा होत्या. त्यातून कोर्ट दिसे, घोडे बांधायचा कठडा दिसे, आणि आत बघणारी माणसे दिसत.

पहिल्या शनिवारी वाबॅश नदीपलीकडून एक कुटुंब आले. शेतकरी, त्याची बायको, आणि बायकोचा म्हातारा बाप, जो हात कानाशी धरून ऐकत होता. पेटिबोन कोर्टाच्या पायऱ्यांवरून बघत होता. असाहेलने लढाई सांगितली: पाऊस, अंधार, शेकोट्या विझवायला धावलेली पोरे. सांगताना त्याची पाठ नेहमीसारखी ताठ झाली. मग शेतकऱ्याने चित्राकडे बोट केले.

"आणि जनरल याच पांढऱ्या घोड्यावर होते म्हणायचे?"

असाहेलने तोंड उघडले. केझाया आत भाकरी थापत होती, तिला काचेतून त्याची मान मागून दिसत होती. ती मान तिने चाळीस वर्षे पाहिली होती. आता तो गडद म्हणेल, तिला वाटले, आणि उद्या आम्ही पुन्हा टटलच्या गोठ्यात. किंवा तो पांढरा म्हणेल, आणि मग या माणसात माझ्या ओळखीचे काहीच उरणार नाही. त्याचा जबडा हलत होता आणि शब्द येत नव्हता.

ती पिठाच्या हातांनी दारात आली.

"पांढरा होता हो," ती मोठ्याने म्हणाली. "पांढराशुभ्र. दुरून दिसायचा."

"वा!" शेतकरी म्हणाला. बहिऱ्या म्हाताऱ्याला त्याने ओरडून सांगितले, "पांढरा होता म्हणतात!" कोर्टाच्या पायऱ्यांवरून पेटिबोन आत निघून गेला.

माणसे गेल्यावर असाहेल तसाच बसून राहिला. तिच्याकडे न बघता त्याने विचारले, "केझाया, तू होतीस तिथं?"

"नव्हते," ती म्हणाली. "म्हणून तर मला बोलता आलं."

त्याने रॅकूनची टोपी काढून मांडीवर ठेवली. ती आत गेली, भाकरी उलटली, आणि मग भर दुपारी, चौकात माणसे असताना, दाराची दोरी तिने आत ओढून घेतली. थोड्या वेळाने बाहेरून कुणीतरी दार ठोठावले. समितीचा नियम होता की दोरी कायम बाहेर असावी. तिने ती पुन्हा बाहेर सोडली.